पायथॉन वापरता ना? मग पायथॉन घडवण्याच्या कामात हात कसा घालायचा ते बघू

पायथॉन वापरणारे आपल्याकडे ढिगाने आहेत, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून बँकांच्या सर्व्हरपर्यंत सगळीकडे, पण ही भाषा स्वतः कोण लिहितं, कुठे लिहितं आणि त्यात आपण काही करू शकतो का, हा प्रश्न फार कमी जणांना पडतो. करू शकतो, अगदी नक्की करू शकतो. त्यासाठी कंपायलरमध्ये पीएचडी लागत नाही, सी भाषा येत असेल तर उत्तमच पण नसेल तरी अडत नाही, कारण स्टँडर्ड लायब्ररीचा मोठा भाग पायथॉनमध्येच लिहिलेला आहे आणि डॉक्युमेंटेशन तर साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. या प्रोजेक्टमध्ये कोड पाठवणाऱ्यांचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो दुसऱ्याने पाठवलेला कोड शांतपणे वाचून "हो, हा घेऊया" म्हणणाऱ्यांचा. हजारो इश्यू, म्हणजे बग आणि सूचनांच्या नोंदी, उघडे पडलेत, आणि ते बघणारी कोअर टीममधली (कोड आत घ्यायचा अधिकार असलेली) बरीच माणसं नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे करतात. त्यामुळे प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच विचारायचं की मी जे करतोय त्याने वाचणाऱ्याचा वेळ वाचतोय की खर्च होतोय. हे ज्याला जमलं त्याचे पॅच, म्हणजे पाठवलेले बदल, आत घेतले जातात, मग तो नवखा असो की जुना.

आधी थोडं घराबद्दल

आपण ज्याला पायथॉन म्हणतो तो प्रोग्राम म्हणजे सीपायथॉन, सी भाषेत लिहिलेला मूळ इंटरप्रिटर. गिडो व्हॅन रॉसम यांनी 1989 च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना तो लिहायला घेतला आणि 1991 च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला. पुढची जवळजवळ सत्तावीस वर्षं शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. मग 2018 मध्ये पेप 572 आलं (पेप म्हणजे पायथॉनबद्दलचा लेखी प्रस्ताव), म्हणजे ते कोलन आणि बरोबर चिन्ह जोडून लिहायचं वॉलरस ऑपरेटर, त्यावरून इतका वाद पेटला की ते मंजूर केल्यावर जुलैमध्ये गिडोंनी जाहीर केलं की यापुढे निर्णय मी घेणार नाही, आणि माझ्यानंतर कोण हेही मी ठरवणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

आणि लोकांनी खरंच ठरवलं. कारभार कसा चालावा याचे वेगवेगळे प्रस्ताव लिहिले गेले, कोअर डेव्हलपर्सनी डिसेंबरात मतदान केलं, आणि 2019 च्या सुरुवातीला पाच जणांचं पहिलं स्टिअरिंग कौन्सिल निवडून आलं ज्यात गिडो स्वतःही एक होते. आता प्रत्येक मोठ्या व्हर्जननंतर नवी निवडणूक होते आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक कौन्सिलवर बसू शकत नाहीत. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. भाषा सगळ्यांची राहायची असेल तर असं काहीतरी कागदावर लागतंच, नुसत्या भल्या माणसांच्या भरवशावर किती वर्षं चालवणार.

हा इतिहास सांगायचं कारण असं की कुठला निर्णय कोणाकडे आहे हे माहीत असलं की चुकीच्या दारात उभं राहून वेळ जात नाही. साधा बग असेल तर त्या मॉड्यूलची माहिती असलेला कुठलाही कोअर डेव्हलपर दुरुस्ती मर्ज करू शकतो, म्हणजे मूळ कोडमध्ये घेऊ शकतो, कौन्सिलचा तिथे संबंधच नाही. भाषेत नवं काही आणायचं असेल तर पेप लिहावं लागतं आणि ते कौन्सिलकडे किंवा कौन्सिलने नेमलेल्या माणसाकडे जातं. कुठलं व्हर्जन कधी निघणार आणि शेवटच्या क्षणी त्यात काय शिरू द्यायचं हे त्या व्हर्जनचा रिलीज मॅनेजर बघतो. पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही 2001 साली सुरू झालेली संस्था पैसा, ट्रेडमार्क, कॉन्फरन्स, सर्व्हर हे सांभाळते, भाषेत काय यावं हे ती ठरवत नाही.

कॅलेंडर लक्षात ठेवा

3.9 पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एक नवीन व्हर्जन येतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पहिला बीटा निघतो आणि तिथे दार बंद, त्यानंतर त्या व्हर्जनमध्ये नवीन फीचर जात नाही, फक्त दुरुस्त्या. म्हणजे तुम्ही जूनमध्ये एखादं छोटं नवं फीचर पाठवलंत तर ते पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात लोकांच्या हातात पडणार, यात तुमच्यावर कोणी राग धरलेला नसतो, चक्रच तसं आहे. आलेल्या व्हर्जनला काही काळ बगफिक्स मिळतात, मग फक्त सिक्युरिटीच्या दुरुस्त्या, आणि पाच वर्षांनी ते बंद. त्यामुळे 3.8 मधला बग कळवायला जाऊ नका, आधी तो आजच्या मेन ब्रांचवर, म्हणजे चालू कामाच्या ताज्या कोडवर, दिसतोय का ते बघा.

सोर्स आणणं आणि बिल्ड करणं

सीपायथॉनचा कोड 2017 च्या फेब्रुवारीपासून गिटहबवर आहे, इश्यूसुद्धा 2022 च्या एप्रिलमध्ये जुन्या ट्रॅकरवरून तिथेच आणले, त्यामुळे आता सगळं एका जागी सापडतं. रिपॉझिटरी फोर्क करा (गिटहबवर स्वतःची प्रत काढा), आपला फोर्क मशीनवर क्लोन करा (उतरवून घ्या) आणि मूळ रिपॉझिटरीला अपस्ट्रीम नावाने दुसरा रिमोट म्हणून जोडून ठेवा. पहिल्या दिवशी हे केलं नाही तर महिन्याभराने मेन ब्रांच खूप पुढे गेलेली असते आणि ताजं कुठून ओढायचं तेच कळत नाही.

लिनक्सवर असाल तर आधी बिल्डसाठी लागणारी पॅकेजेस घ्या. उबंटूत अ‍ॅप्टची बिल्ड-डेप कमांड पायथॉन-थ्रीसाठी चालवली की बहुतेक सगळं एकदम येतं, फक्त त्याआधी सोर्स रिपॉझिटरीज चालू कराव्या लागतात. मग सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवायची, त्याला विथ-पायडीबग हा पर्याय द्यायचा, आणि नंतर मेक ही बिल्ड करणारी कमांड. हा डीबगचा पर्याय सोडू नका, कारण त्याने इंटरप्रिटरच्या आतले असर्ट (स्वतःची तपासणी करणाऱ्या ओळी) चालू होतात, रेफरन्स काउंटमध्ये (एखादं ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे त्या मोजणीत) गडबड झाली तर लगेच ओरडतो, नाहीतर तीच गडबड तुमच्या मशीनवर गप्प राहते आणि दुसऱ्या कोणाच्या मशीनवर क्रॅश होते. मेकला जास्त जॉब्स द्या म्हणजे सगळे कोअर कामाला लागतात, साध्या लॅपटॉपवरही काही मिनिटांत बिल्ड होतं. विंडोजवर पीसीबिल्ड फोल्डरमधली बिल्ड बॅच फाइल आहे आणि त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ लागतो.

मेक झालं की शेवटी कुठली मॉड्यूल्स बिल्ड झाली नाहीत त्याची यादी येते, ती वाचा. एसएसएल तिथे दिसलं तर तुमच्याकडे ओपनएसएसएलच्या हेडर फाइल्स नाहीत. एकदोन कमी महत्त्वाची मॉड्यूल्स नसली आणि तुमचं काम त्यात नसेल तर पुढे जायला हरकत नाही. आणि मेक इन्स्टॉल अजिबात करू नका, गरजच नाही, तयार झालेला पायथॉन त्याच फोल्डरमधून चालतो, उगाच सिस्टिमच्या पायथॉनला कशाला धक्का लावायचा. मॅकवर त्या तयार फाइलच्या नावाला ईएक्सई शेपूट लागलेलं दिसेल, घाबरू नका, रिपॉझिटरीत पायथॉन नावाचा एक फोल्डर आधीच आहे आणि मॅकची फाइल सिस्टिम लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही म्हणून ते तसं ठेवलंय.

आता त्याच नव्या पायथॉनने टेस्ट चालवायच्या, डॅश एम टेस्ट, आणि पुढे टेस्टचं नाव दिलं तर फक्त तेवढीच चालते. एकदा पूर्ण संच चालवून बघा म्हणजे काही न बदलता तुमच्या मशीनवर काय पास होतं आणि काय नाही ते कळतं, नाहीतर नंतर एखादी टेस्ट पडली की ती आपल्यामुळे पडली की आधीपासूनच पडत होती यात अख्खी संध्याकाळ जाते.

कुठे काय ठेवलंय

फोल्डर बरेच दिसतात पण रोज लागणारे थोडेच. लिबमध्ये पायथॉनमध्ये लिहिलेली स्टँडर्ड लायब्ररी आणि तिच्याच आत टेस्टचा फोल्डर. मॉड्यूल्समध्ये सीमध्ये लिहिलेली मॉड्यूल्स. ऑब्जेक्ट्समध्ये लिस्ट, डिक्ट, स्ट्रिंग हे मूळ प्रकार. पायथॉन नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्यक्ष इंटरप्रिटर, ग्रामरमध्ये भाषेचं व्याकरण, डॉकमध्ये डॉक्युमेंटेशन.

सी येत असेल तर एक रविवार काढून ऑब्जेक्ट्समध्ये लिस्टसॉर्ट नावाची टेक्स्ट फाइल वाचाच. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये लिहिलेलं सॉर्टिंग, ज्याला सगळे टिमसॉर्ट म्हणतात आणि जे पुढे जावानेही घेतलं, ते तसं का लिहिलं, कुठले पर्याय मोजून बघितले, कुठे किती कम्पॅरिझन वाचतात, हे त्यात इतक्या मन लावून सांगितलंय की वाचताना माणूस समोर बसून समजावतोय असं वाटतं. कोडबरोबर कारणं लिहून ठेवायची ही पद्धत या कम्युनिटीत जुनी आहे आणि तुमच्याकडूनही तीच अपेक्षा असते.

एक सावधगिरी, काही सी फाइल्स हाताने लिहिलेल्या नसून दुसऱ्या फाइलवरून जनरेट झालेल्या असतात. उदाहरणार्थ पार्सर हा व्याकरणाच्या फाइलवरून तयार होतो, इंटरप्रिटरच्या लूपमधले केसेस 3.12 पासून बाइटकोड्स नावाच्या फाइलवरून तयार होतात. वर "जनरेटेड" असं लिहिलेलं दिसलं की तिथे हात लावायचा नाही, मूळ फाइल बदलायची आणि मेकला रीजेन-ऑल सांगायचं.

काम शोधायचं कसं

बहुतेक लोक इथेच अडकतात. सरळ "ईझी" लेबल लावून शोधतात, समोर जे दिसेल त्यावर "मी घेऊ का" अशी कमेंट टाकतात, आणि उत्तराची वाट बघत बसतात. इथे इश्यू कोणी कोणाच्या नावावर करून देत नाही. आधी कोणाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल आत घ्यायची विनंती, जोडलेली नाही ना ते बघायचं, नसेल तर सरळ कामाला लागायचं. आणि जोडलेली असेल तरीही तिथे काम आहे! ती वाचा, आपल्या मशीनवर उतरवून चालवा, टेस्ट पुरेशी आहे का बघा, आणि जे दिसलं ते लिहा. वर म्हटलं ना तुटवडा वाचणाऱ्यांचा आहे, तर नवख्या माणसाने केलेला प्रामाणिक रिव्ह्यूसुद्धा उपयोगी पडतो, फक्त नुसतं "छान दिसतंय" नको, काय चालवलं, कुठल्या सिस्टिमवर, काय आउटपुट आलं ते हवं.

दुसरं चांगलं काम म्हणजे जुने इश्यू पुन्हा करून बघणं. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी बग टाकलाय, मधल्या काळात ते मॉड्यूल दोनदा बदललंय, आज तो बग आहे की नाही कोणालाच माहीत नाही. तुम्ही मेन ब्रांचवर चालवून "आता येत नाही" किंवा "अजून येतो, आणि हा घ्या सात ओळींचा कोड ज्याने दिसतो" असं लिहिलंत तर पुढच्या माणसाचं अर्धं काम झालं. कुठल्या कमिटमुळे (नोंदवलेल्या बदलामुळे) बिघडलं हे गिट बायसेक्टने शोधून दिलंत तर विचारूच नका.

तिसरं, आपल्या मराठी माणसांना जे दिसतं आणि बाकीच्यांना सहज दिसत नाही असंही काही आहे. पायथॉन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, वय = 25 असं लिहिलंत तर बिनतक्रार चालतं. इंट या फंक्शनला '१२३' अशी देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग दिली तर 123 हा आकडा परत येतो. पण 'मराठी' या स्ट्रिंगवर इज-अल्फा चालवा, उत्तर येतं फॉल्स! 'घर' वर चालवा, ट्रू. कारण इज-अल्फा फक्त युनिकोडमधल्या "लेटर" गटातली कॅरेक्टर्स मोजतो, आणि आपला काना, वेलांटी, हलन्त हे युनिकोडच्या हिशोबात लेटर नाहीत, ते मार्क आहेत. तोच प्रकार रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, बॅकस्लॅश डब्ल्यू आणि अधिक चिन्ह वापरून 'मराठी' या शब्दात शब्द शोधलेत तर 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हातात येतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कोणालाही हा त्रास माहीत असेल. आणि गंमत म्हणजे त्याच 'मराठी' वर इज-आयडेंटिफायर विचारलंत तर ट्रू येतं, कारण नावांसाठी भाषेने युनिकोडचा वेगळा नियम घेतलाय ज्यात मार्क चालतात.

मग हा बग आहे का? इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण बग आणि ठरवून केलेलं वागणं यातला फरक ओळखता येणं हेच या कामातलं निम्मं शिक्षण आहे. इज-अल्फाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की आम्ही लेटर गट धरतो आणि युनिकोडची जी अल्फाबेटिक नावाची व्याख्या आहे तिच्यापेक्षा हे वेगळं आहे. म्हणजे कोड डॉक्युमेंटेशनप्रमाणेच वागतोय. बदलायचं म्हटलं तर इतकी वर्षं याच वागण्यावर विसंबून लिहिलेला लोकांचा कोड बदलेल, आणि असं काही करायचं तर पेप 387 मधले नियम पाळावे लागतात, आधी वॉर्निंग, मग काही व्हर्जन थांबणं, मग बदल. बॅकस्लॅश डब्ल्यू रोमन सोडून इतर लिप्यांना उपयोगी नाही अशी तक्रार 2007 सालापासून ट्रॅकरवर आहे. इतकी वर्षं ती तशीच राहिली यामागे आळस नाही, स्पीड, सुसंगती आणि जुना कोड हे तिन्ही एकदम सांभाळणारा प्रस्ताव उभा करायला मेहनत लागते. अशा ठिकाणी आपण लगेच पॅच टाकून उपयोग नाही, पण खऱ्या मराठी, हिंदी, नेपाळी मजकुरावर काय होतं याची नेमकी उदाहरणं, त्यावर आज काय वापरता येतं, डॉक्युमेंटेशनमध्ये देवनागरीचं एक उदाहरण घातलं तर वाचणाऱ्याला फसगत टळेल का, हे आपण सांगू शकतो, आणि शेवटचं तर पहिल्या पुल रिक्वेस्टसाठी अगदी योग्य आकाराचं काम आहे.

डॉक्युमेंटेशनचं काम कमी दर्जाचं समजू नका. तिथे बिल्डही सोपं, डॉक फोल्डरमध्ये जाऊन मेक एचटीएमएल. हे स्फिंक्स वापरतं, जे टूल मुळात पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनसाठीच तयार झालं आणि नंतर जगभर पसरलं.

बदल करताना

मेन ब्रांच ताजी करून तिच्यावरून नवीन ब्रांच काढा, एका ब्रांचवर एकच काम. आधी टेस्ट लिहा. बग असेल तर तो बग पकडणारी, म्हणजे आजच्या कोडवर पडणारी टेस्ट, ती पडतेय हे बघा, मग दुरुस्ती करा, मग ती पास होतेय हे बघा. हा क्रम उलटा केला की टेस्ट खरंच काही तपासतेय का हे कळत नाही, रिव्ह्यू करणारा हमखास तेच विचारतो. कोडची शैली पायथॉनसाठी पेप 8 आणि सीसाठी पेप 7 प्रमाणे. पण शेजारच्या जुन्या ओळी नीटनेटक्या करायचा मोह होतो तो टाळा, स्पेस बदलल्या, नावं बदलली, कोट्स बदलले की डिफमध्ये (आधीच्या आणि नंतरच्या कोडमधल्या फरकात) खरा बदल हरवतो आणि पाच वर्षांनी ही ओळ का आली हे शोधणाऱ्याला तुमचं नाव दिसतं, कारण मात्र दिसत नाही. निव्वळ सजावटीचे बदल इथे साधारण घेतच नाहीत.

सीमधला बदल असेल तर टेस्ट चालवताना कॅपिटल आर पर्यायाने रेफरन्स लीक तपासा. आणि मग मेक पॅचचेक चालवा, ते पाठवण्याआधीच्या नेहमीच्या चुका तपासतं.

वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल असेल तर न्यूजची, म्हणजे बदलांच्या यादीतली, नोंद लागते. त्यासाठी ब्लर्ब नावाचं छोटं टूल आहे, ते इश्यू नंबर आणि विभाग विचारतं आणि एका स्वतंत्र फाइलमध्ये नोंद ठेवतं. स्वतंत्र फाइल अशासाठी की पूर्वी सगळे एकाच न्यूज फाइलमध्ये लिहायचे आणि प्रत्येक मर्जला भांडण व्हायचं. नोंद लिहिताना तुम्ही कुठलं फंक्शन कसं फिरवलंत ते नको, वापरणाऱ्याला काय फरक पडला तेवढं एकदोन वाक्यांत.

पुल रिक्वेस्टच्या नावात आधी जीएच, डॅश, इश्यू नंबर, कोलन आणि मग काय केलं ते. टायपो सुधारण्याइतका छोटा बदल असेल तर इश्यू लागत नाही. पहिल्याच वेळी एक बॉट येऊन कॉन्ट्रिब्यूटर अ‍ॅग्रीमेंटवर सही मागेल, त्यात कोडचे हक्क तुमच्याकडेच राहतात, तुम्ही फाउंडेशनला तो वापरायची आणि वाटायची परवानगी देता. कमिट ज्या ईमेलने केलेत त्याच ईमेलची सही लागते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर गिटमध्ये कुठला ईमेल बसलाय ते आधी बघून घ्या, आणि नोकरीच्या करारात असं काम करायला मुभा आहे का तेही विचारून घ्या.

एआयने लिहून दिलेला कोड समजून न घेता पाठवू नका, हे मी कळकळीने सांगतोय. रिव्ह्यू करणारा "इथे असं का" विचारतो तेव्हा उत्तर तुम्हाला देता यायला हवं. नाहीतर एका माणसाचा फुकट दिलेला रविवार गेला.

पाठवल्यावर काय होतं

बॉट्स लेबलं लावतात, लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे टेस्ट चालतात. नव्या माणसाच्या बाबतीत त्या टेस्ट चालू करायलाही कोणाची तरी परवानगी लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी काहीच हललं नाही तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. काही पडलं तर लॉग उघडून खरोखर वाचा. कधी तुमच्याशी संबंध नसलेली नेटवर्कची टेस्टही पडते, पण ते लॉग बघितल्याशिवाय ठरवू नका.

मग वाट बघणं. काही दिवस, काही आठवडे, कधी महिने. या काळात रोज कमेंट टाकून आठवण करू नका. महिनाभर काहीच हाललं नाही तर एक सभ्य ओळ लिहा, आणि डेव्हलपर गाइडमध्ये कुठल्या मॉड्यूलची कोणाला माहिती आहे याची यादी आहे ती बघून योग्य माणसाला एकदाच टॅग करा. त्याहून चांगला उपाय म्हणजे मधल्या वेळात दुसऱ्यांच्या दोनतीन पुल रिक्वेस्ट नीट तपासून द्या, त्याने लोक तुम्हाला ओळखायला लागतात आणि तुमचंही शिकणं होतं.

रिव्ह्यूमध्ये जे सुचवलं जाईल ते नवीन कमिट म्हणून घाला. ब्रांचवर फोर्स पुश करू नका (जुने कमिट पुसून नवे चढवू नका), कारण मग रिव्ह्यू करणाऱ्याला "मागच्या वेळेपासून काय बदललं" हे दिसत नाही आणि सगळं पुन्हा वाचावं लागतं. इतिहास गचाळ दिसेल म्हणून काळजी नको, मर्ज करताना सगळे कमिट एकात दाबले जातात. कोअर डेव्हलपरने बदल मागितले असतील तर ते केल्यावर इंग्रजीत एक ठरलेलं वाक्य कमेंटमध्ये टाकायचं असतं, मागितलेले बदल केलेत, पुन्हा बघा, या अर्थाचं, बॉट स्वतःच ते वाक्य तुम्हाला सांगतो आणि ते टाकल्यावर लेबल बदलून संबंधित माणसाला कळवतो.

एखादी गोष्ट पटली नाही तर तसं सांगा, कारण देऊन सांगा, इथे वाद घालायला बंदी नाही. "आम्ही हे घेणार नाही" असं उत्तर आलं तर ते तुमच्याबद्दल नसतं. एकदा आत घेतलेली ओळ पुढे वर्षानुवर्षं कोणाला तरी सांभाळावी लागते आणि ते सांभाळणं किती जड होतं याचं उदाहरण 3.13 मध्येच आहे, पेप 594 प्रमाणे सीजीआय, टेलनेटलिब अशी 19 जुनी मॉड्यूल्स काढून टाकावी लागली, त्यांच्याकडे बघायला कोणी उरलंच नव्हतं.

मर्ज झालं की बगफिक्स असेल तर जुन्या चालू व्हर्जनमध्येही ते न्यायचं असतं, त्यासाठी लेबल लावलं की मिस-इस्लिंग्टन नावाचा बॉट आपोआप बॅकपोर्टची पुल रिक्वेस्ट उघडतो. कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे बदल जुन्या कोडवर नीट बसला नाही, तर बॉट हात वर करतो, तेव्हा चेरी-पिकर हे टूल वापरून ते तुम्ही स्वतः करून द्या.

सिक्युरिटीचा बग सापडला असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. उघडा इश्यू नको, पुल रिक्वेस्ट नको, सिक्युरिटी टीमला खासगीत कळवा, पत्ता पायथॉनच्या साइटवर आहे.

नवीन फीचर सुचलं असेल तर

आधी डिस्कोर्सवर, म्हणजे पायथॉनच्या चर्चेच्या फोरमवर, आयडियाज विभागात मांडा आणि मांडण्याआधी तिथे शोधा, कारण दहातले नऊ विचार आधी येऊन गेलेले असतात आणि ते का नाकारले हे लिहिलेलं असतं. लोकांना पटतंय असं दिसलं तर पेप, आणि तुम्ही कोअर डेव्हलपर नसाल तर पेपला एक स्पॉन्सर लागतो. पेपमध्ये नाकारलेल्या पर्यायांचा भाग असतो, तो मला पूर्ण प्रक्रियेतला सगळ्यात मोलाचा वाटतो. उदाहरण बघायचं तर पेप 703 वाचा, सॅम ग्रॉस यांचं, जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनचा कोड चालवू देणारं कुलूप, काढून खऱ्या अर्थाने अनेक थ्रेड एकदम चालवायचं. जीआयएल काढायचे प्रयत्न आधीही झाले होते पण एका थ्रेडचा कोड फार मंद व्हायचा. या वेळी चालणारा कोड, मोजलेले आकडे आणि टप्प्याटप्प्याची योजना असं सगळं घेऊन माणूस आला, 2023 मध्ये ते मंजूर झालं, 3.13 मध्ये प्रयोग म्हणून आलं आणि 3.14 मध्ये तो बिल्ड अधिकृतपणे सपोर्टेड झाला. नेहमीचा बिल्ड मात्र अजून जीआयएलवालाच आहे. एवढा मोठा बदलसुद्धा असा पायरीपायरीनेच जातो.

भाषांतराचा रस्ता

कोडमध्ये रस नसेल किंवा वेळ कमी असेल तर हा विचार करा. पेप 545 प्रमाणे डॉक्युमेंटेशनची भाषांतरं अधिकृत साइटवर येऊ शकतात, फ्रेंच, जपानी, कोरियन कधीच आलीत. भाषा निवडायच्या मेनूत नाव यायला तीन गोष्टी पूर्ण लागतात, बग कसे कळवायचे ते पान, अख्खं ट्युटोरियल, आणि बिल्ट-इन फंक्शन्सचं पान. मराठी त्या मेनूत नाही. काम पीओ फाइल्समध्ये (मूळ मजकूर आणि त्याचं भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फाइल्समध्ये) चालतं, एक परिच्छेद घेतला तरी चालतो, पण एकट्याने होण्यासारखं नाही, चार-पाच जणांचा गट आणि त्यातला एकजण दुसऱ्याचं तपासणारा हवा. पुण्या-मुंबईत पायथॉनचे मीटअप होतात, 2011 ची पायकॉन इंडिया पुण्यातच झाली होती, आयआयटी मुंबईच्या फॉसी या ओपन सोर्सच्या प्रकल्पाने कितीतरी कॉलेजांत पायथॉन पोचवलंय, म्हणजे माणसं आहेत. ट्युटोरियलच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा, ते छोटं आहे, आणि तिथेच ठरवून टाका की फंक्शन, लूप, क्लास हे शब्द तसेच देवनागरीत ठेवायचे, नाहीतर वर्गात शिकणाऱ्या पोराला ते वाचून पुन्हा इंग्रजी पान उघडावं लागेल.

दोनतीन पॅच आत गेले आणि इश्यूंवर सातत्याने काम दिसलं की ट्रायेज टीममध्ये, म्हणजे इश्यूंची वर्गवारी करणाऱ्या गटात, येण्यासाठी विचारता येतं, त्यात लेबलं लावायचे आणि इश्यू बंद करायचे अधिकार मिळतात, मर्जचे नाही. कोअर टीममध्ये जाण्यासाठी आधीच्या सदस्यापैकी कोणी नाव सुचवावं लागतं, मतदान होतं आणि दोनतृतीयांश मतं लागतात. पण तिकडे आत्ता बघू नका, आज फक्त मेन ब्रांच बिल्ड करा आणि टेस्टचा पूर्ण संच चालवा.